आश्विनी वादळानंतरचे अंगण

चक्रीवादळासाठी आज जगभर रूढ असलेला 'सायक्लोन' हा शब्द कोलकात्यात घडला. हेन्री पिडिंग्टन हा मूळचा दर्यावर्दी पुढे कोलकात्यातील सागरी चौकशी न्यायालयाचा अध्यक्ष झाला, आणि बंगालच्या उपसागरातील वादळांची माहिती जहाजांच्या रोजनाम्यांतून गोळा करता करता त्याने सापाचे वेटोळे सुचवणाऱ्या एका ग्रीक शब्दावरून हे नाव तयार केले. १८४८ साली खलाशांसाठी लिहिलेल्या त्याच्या पुस्तकातून ते सर्वत्र पोहोचले. शब्द खलाशांसाठी जन्मला, त्यामुळे वादळाचा अभ्यासही जहाजे, बंदरे, वाऱ्याचा वेग, लाटेची उंची आणि मृतांचा आकडा यांच्याभोवतीच वाढला. वारा पडल्यानंतर घराच्या दारात जे पडलेले असते ते कोणी उचलले, त्यातले काय राखले, काय टाकले आणि टाकलेले कोठे गेले, हा प्रश्न या अभ्यासाच्या कडेलाच राहिला. वास्तविक कोलकात्याच्या बाबतीत याच प्रश्नाचा माग काढला असता दीडशे वर्षांत घडलेला एक मोठा बदल दिसू लागतो: जी पडझड एके काळी घराची सामग्री होती, ती हळूहळू शहराचा कचरा झाली, आणि ती आवरण्याचे कसब ज्या हातांत होते ते हातही त्याच ओघात शहरातून दिसेनासे झाले.

बंगाली घराच्या रचनेत 'उठोन', म्हणजे अंगण, हे मराठी वाड्याच्या चौकाप्रमाणे आणि कोकणातल्या खळ्याप्रमाणे घराचे कामाचे केंद्र असते. उत्तर कोलकात्यातील श्रीमंतांच्या हवेल्यांत हा उठोन फरसबंद असे आणि त्याच्या एका बाजूला 'ठाकुरदालान', म्हणजे कमानींचे देवघर, असे, जिथे दुर्गेची मूर्ती बसवली जाई. मध्यमवर्गीय आणि गरीब घरांत मात्र उठोन मातीचा, शेणामातीने सारवलेला, आणि त्याच्या मधोमध किंवा कोपऱ्यात 'तुलसीमंच', म्हणजे तुळशीवृंदावन, असा थाट असे. घरामागे 'खिडकी पुकुर', म्हणजे परसदारचे तळे, आणि त्याच्या काठाने नारळ, सुपारी, आंबा, फणस, बेल, केळी आणि बांबूचे बेट असे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शहराच्या मोठ्या भागात, आणि उपनगरांत तर सर्रास, ही रचना टिकून होती. म्हणून वादळ आले की त्याचा पहिला आघात ज्या जागेवर होई ती म्हणजे छप्पर, झाड आणि तळे या तिन्हींच्या मधली ही मोकळी जागा.

अठराव्या शतकातील नोंदींत १७३७ च्या ऑक्टोबरातील वादळ ठळक आहे. त्यात सेंट अ‍ॅन चर्चचा मनोरा कोसळला आणि गोविंदराम मित्र यांच्या नवरत्न मंदिराचे शिखर पडले. तीन लाख माणसे मेल्याचा जो आकडा या वादळाला पुढे चिकटला, तो तेव्हाच्या कोलकात्याच्या एकूण वस्तीहून कितीतरी मोठा असल्याने अलीकडच्या संशोधकांनी नाकारला आहे. पडलेले मनोरे लोकांच्या लक्षात राहतात आणि पडलेली छपरे विसरली जातात, हे या वादळाच्या स्मृतीपासूनच सुरू झालेले दिसते.

या विषयाला खरा आधार मिळतो तो ५ ऑक्टोबर १८६४ च्या वादळापासून. बंगाली लोकस्मृतीत ते 'आश्विनेर झड', म्हणजे आश्विनातले वादळ, या नावाने राहिले. सकाळपासून वाढत गेलेल्या वाऱ्याने दुपारी शहर झोडपून काढले, आणि हुगळी नदीतून वर चढलेल्या समुद्राच्या पाण्याने दक्षिणेकडील जिल्ह्यांत हाहाकार उडवला. एकूण मृतांची संख्या ५० हजारांच्या आसपास किंवा त्याहून अधिक धरली जाते. लेफ्टनंट कर्नल गॅस्ट्रेल आणि हेन्री ब्लॅनफर्ड यांनी या वादळाचा जो विस्तृत अहवाल १८६६ मध्ये प्रसिद्ध केला, तो भारतीय हवामानशास्त्राच्या पायाभूत दस्तऐवजांपैकी एक मानला जातो, आणि त्यातला ब्लॅनफर्डच पुढे १८७५ मध्ये स्थापन झालेल्या हवामान खात्याचा पहिला प्रमुख झाला. बंदरात त्या दिवशी १९५ जहाजे होती आणि त्यांपैकी अवघी २३ धड राहिली. खुद्द शहरात आणि उपनगरांत मनुष्यहानी तुलनेने कमी, पन्नासच्या आत होती. पण ४० हजारांहून अधिक कौलारू आणि गवती झोपड्या जमीनदोस्त झाल्या, तर पूर्ण पडलेली पक्की घरे साधारण शंभर होती. १८६६ च्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या ३ लाख ७७ हजारांच्या घरात भरली, हे लक्षात घेतले, आणि झोपड्यांचा आकडा उपनगरांसह आहे हेही ध्यानात ठेवले, तरी किती कुटुंबांच्या अंगणात त्या संध्याकाळी त्यांचे स्वतःचेच छप्पर येऊन पडले असेल याची कल्पना येते.

छप्पर अंगणात पडणे याचा अर्थ आजच्या सिमेंटच्या घरात राहणाऱ्या वाचकाला चटकन उमगणार नाही. कोलकात्यातील कच्च्या घराच्या भिंती बांबूच्या कुडाच्या, वर मातीचा लेप दिलेल्या, आणि छप्पर 'खोला', म्हणजे भाजलेल्या मातीच्या कौलांचे, किंवा सुंदरबनातून होड्यांनी येणाऱ्या 'गोलपाता' नावाच्या पाणताडाच्या पानांचे असे. १८३७ मधल्या मोठ्या आगींनंतर शहराच्या हद्दीत गवती छपरांवर कायद्याने बंधन आणले गेले होते, तरी ती पूर्णपणे गेली नव्हती. अशा घराचा गुण असा की ते पडले तरी फारसे मोडत नसे. बांबू सुटत, दोऱ्या तुटत, कुड आडवा होई, माती पावसात विरघळून पुन्हा जमिनीत मिसळे. हे घर उभे करणारा कारागीर म्हणजे 'घरामी'. वादळानंतर अंगण साफ करणे आणि घर पुन्हा बांधणे ही दोन वेगळी कामे नव्हतीच, कारण ढिगाऱ्यातून निवडून बाजूला काढलेला प्रत्येक सरळ बांबू हा नव्या घराचा वासा होता, फुटलेले कौल पायाच्या भरावात जात होते आणि कुजके पान चुलीत. घरामी ढिगाऱ्याकडे पाही तो सामानाची यादी वाचावी तसा. दूर फेकायचे असे त्यात फार थोडे उरे.

झाडांच्या बाबतीतही हेच होते, आणि नारळाच्या एका झावळीवरून ते नीट कळते. वादळात नारळाची झावळी पडली की घरातली बाई आधी तिची पाती सोलून काढी. पात्यांच्या मधल्या कडक शिरा, म्हणजे हीर, कोयत्याने खरवडून, उन्हात वाळवून आणि बुडाशी घट्ट बांधून त्यांचा खराटा होई, आणि त्याच खराट्याने वादळाने घाण केलेले अंगण झाडले जाई. झावळीचा जाड देठ सरपणाला, बुडाशी असलेली जाळीदार पिसोंडी चूल पेटवायला, आणि उरलेली पाती कुंपणाच्या भोकात कोंबायला. पडझड आवरण्याचे हत्यार पडझडीतूनच निघे. कोकणात, गोव्यात आणि बंगालमध्ये हे काम जवळजवळ सारख्याच रीतीने होत आले आहे, आणि तीनही ठिकाणी ते बहुतांशी बायकांच्या हातचे राहिल्यामुळे त्याची नोंद कोठल्याही अहवालात झालेली नाही.

मोठ्या झाडांची विल्हेवाट अधिक गुंतागुंतीची होती. ताडाचा सोट पोखरून त्याची 'डोंगा', म्हणजे लहान होडी, होई, किंवा तोच सोट तळ्याच्या घाटावर पायरी म्हणून आडवा टाकला जाई. आंब्याचे लाकूड हलके आणि किडीला लवकर बळी पडणारे, म्हणून ते खोकी, फळ्या आणि चितेसाठी जाई. बेलाची गोष्ट वेगळी होती. बंगाली समजुतीप्रमाणे बेलावर 'ब्रह्मदैत्य', म्हणजे मेलेल्या ब्राह्मणाचे भूत, राहते, म्हणून उभ्या बेलाला कुऱ्हाड लावायला सहसा कोणी धजत नसे. परंतु वादळाने स्वतः पाडलेला बेल हा दोष कोणाच्या माथी न येता मिळालेले लाकूड होता, आणि होमात बेलाच्याच समिधा लागत असल्यामुळे त्याच्या फांद्या जपून ठेवल्या जात. लाकूड कापण्याचे काम 'कराती' करत. हे करवत चालवणारे कारागीर जोडीने काम करत, एक ओंडक्यावर उभा आणि दुसरा खाली खड्ड्यात. गंगेकाठी निमतला घाटाजवळ लाकडाचा जो मोठा बाजार आहे तेथे स्मशान आणि वखारी शेजारी शेजारी आहेत.

सर्वांत कष्टाचे काम मात्र तळ्याचे होते. कोलकात्यात नळाचे गाळलेले पाणी १८७० पासून, पलता येथील जलशुद्धीकरण केंद्रातून, येऊ लागले. त्यापूर्वी घरोघरची तळी हीच आंघोळीची, धुण्याची, आणि कित्येक घरी पिण्याचीही सोय होती. वादळाने झाडांची पाने ओरबाडून तळ्यात टाकली की ती दोन-चार दिवसांत कुजू लागत, पाणी काळे पडे, त्यातला प्राणवायू संपून मासे उलटे होऊन वर येत, आणि मग पान, मासा आणि गाळ असे सगळे जाळ्याने व टोपल्यांनी उपसून काढावे लागे. नदीकाठच्या भागात खारे पाणीही तळ्यांत शिरले. वादळानंतर दक्षिण बंगालमध्ये पटकी आणि हगवण यांची जी साथ पसरली तिचा संबंध या कुजलेल्या पाण्याशी होता. पटकीचा जंतू तेव्हा सर्वमान्य झालेला नव्हता आणि रोग दुर्गंधीतून पसरतो असाच समज प्रचलित होता, तरी कुजलेली पाने आधी तळ्यातून काढली पाहिजेत हे घरच्या माणसांना शास्त्राआधीच ठाऊक होते.

या सगळ्या कामाला पंचांगाचीही घाई होती. १८६४ चे वादळ दुर्गापूजेच्या अगदी तोंडावर आले आणि कोजागरी पौर्णिमा त्यानंतर सुमारे दहा दिवसांवर होती. महाराष्ट्रात कोजागरी म्हणजे आटवलेले दूध आणि जागरण. बंगालमध्ये मात्र त्या रात्री घरोघर लक्ष्मीची पूजा होते, आणि अंगणापासून देवापर्यंत तांदळाच्या पिठीने लक्ष्मीची पावले काढतात, ज्याला 'आल्पना' म्हणतात. ही पावले काढायची तर आधी जमीन मोकळी हवी, ती सारवलेली हवी, आणि सारवण वाळायला दोन दिवसांचे ऊन हवे. पडलेल्या चाळीस हजार झोपड्यांच्या शहरात हे दहा दिवस कसे गेले असतील याचा विचार करताना सफाई हा शब्द तोकडा वाटतो. जमीन पुन्हा घराची करणे, असेच त्याला म्हणावे लागेल.

तथापि अंगण ज्याचे, पडलेले झाड त्याचेच, असे समजण्याचे कारण नाही. कोलकात्याच्या वस्त्यांत, ज्यांना 'बस्ती' म्हणतात, जमीन एकाची, झोपडी दुसऱ्याची आणि भाड्याने राहणारा तिसरा अशी तिहेरी व्यवस्था होती. जमीन भाड्याने घेऊन तीवर झोपडी बांधणाऱ्या मधल्या माणसाला 'ठिका प्रजा' म्हणत, आणि त्याच्या हक्कांना स्वतंत्र कायद्याचे संरक्षण मिळायला १९४९ साल उजाडावे लागले. ग्रामीण बंगालमध्येही कुळाने लावलेल्या, वाढवलेल्या झाडावर जमीनदाराचा हक्क सांगितला जाई. १९२८ च्या कूळकायदा दुरुस्तीने दखलदार कुळांना झाडांवरचा पूर्ण हक्क मिळाला. त्याआधीच्या प्रत्येक वादळात फांद्या गोळा करणारा हात आणि खोडावर हक्क सांगणारा हात पुष्कळदा वेगवेगळे होते. कालवैशाखीत, म्हणजे चैत्र-वैशाखातल्या अल्पकाळच्या वावटळी पावसात, गळलेले आंबे वेचायला मुले धावतात आणि वेचील त्याचा आंबा असा त्यांचा न्याय चालतो. फळाला लागू असलेला हा न्याय लाकडाला लागू नव्हता.

याच सुमारास सरकारी आणि वैद्यकीय वर्तुळात घराभोवतीच्या झाडांकडे पाहण्याची दृष्टी बदलत होती. बंगालमध्ये १८६० च्या दशकात हिवतापाची जी भीषण साथ पसरली होती तिचे कारण शोधण्यासाठी वादळाच्याच वर्षी, १८६४ मध्ये, एक आयोग काम करत होता. घराला लागून असलेले बांबूचे बेट, झुडपे, साचलेली तळी आणि त्यांमुळे कोंडलेली हवा यांतून विषारी वाफ निघते व ताप येतो, हे मत त्या काळी प्रबळ होते आणि त्यावरचा उपाय म्हणून घराभोवतीचे रान तोडून टाकावे असे सांगितले जाई. आयोगातील सदस्य दिगंबर मित्र यांनी मात्र रस्ते, रेल्वेचे भराव आणि बांध यांनी पाण्याचा नैसर्गिक निचरा अडवल्याकडे बोट दाखवले. घरमालकाच्या बांबूकडे बोट दाखवणे सोपे होते आणि रेल्वेच्या भरावाकडे दाखवणे अवघड. मित्र यांनी अवघड ते केले, आणि काळाने त्यांच्या म्हणण्यातले बरेच खरे ठरवले. पण परसातले झाड म्हणजे रोगाचे घर ही कल्पना सरकारी भाषेत रुजली ती रुजलीच, आणि त्यामुळे वादळाने पाडलेले झाड हे नुकसान आहे की आपोआप झालेली सफाई, याबद्दल घरचा माणूस आणि अधिकारी यांचे मत एक राहिले नाही.

सफाईची जबाबदारी घराकडून शहराकडे कशी गेली याची कहाणी मराठी वाचकाला एका अनपेक्षित वाटेने ओळखीची वाटेल. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने, ज्या स्वारांना बंगाली लोक 'बर्गी' म्हणत, १७४२ मध्ये कोलकात्याभोवती खंदक खणायला घेतला गेला. हाच 'मराठा डिच'. मराठे शहरावर कधी आलेच नाहीत, खंदक अर्धवट राहिला, आणि उघड्या पडलेल्या या लांबलचक खड्ड्यात शहराची घाण साचत गेली. १७९९ पासून तो बुजवत त्याच्या रेषेने सर्क्युलर रोड झाला, जो आज आचार्य जगदीशचंद्र बोस आणि आचार्य प्रफुल्लचंद्र यांच्या नावांनी ओळखला जातो. बागबाजारात 'मराठा डिच लेन' ही गल्ली अजून आहे. १८६० च्या दशकाच्या अखेरीस याच सर्क्युलर रोडवरून नगरपालिकेची कचरागाडी, म्हणजे खरोखरीची रुळांवरून धावणारी आगगाडी, सुरू झाली आणि ती शहराचा केर पूर्वेकडील खाऱ्या दलदलीच्या काठी असलेल्या धापा येथे नेऊन टाकू लागली. पुढे त्याच कचऱ्यावर भाजीपाल्याची शेती उभी राहिली आणि धापाचा फ्लॉवर कोलकात्याच्या बाजारात प्रसिद्ध झाला. मराठ्यांना अडवण्यासाठी खणलेल्या रेषेवरून शहराचा पालापाचोळा वाहिला जावा, हा इतिहासाचा विलक्षण प्रवास आहे.

हे काम ज्यांच्या अंगावर पडले त्यांचे नाव येथे घेणे आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकातील कोलकात्याची गटारे आणि रस्ते साफ करण्यासाठी छोटा नागपूरच्या पठारावरून उराव आदिवासी मजूर आणले जात, आणि त्यांना शहरात 'धांगड' म्हणत. महाराष्ट्रात अनुसूचित जमातींच्या यादीतील 'ओरान, धांगड' या नोंदीमुळे हा शब्द वेगळ्याच वादातून परिचित झाला आहे. कोलकात्यात तो शब्द हळूहळू जमातीचा न राहता कामाचा झाला, आणि मग बोलीत तुच्छतेचाही झाला. घरामी किंवा कराती यांना कारागीर म्हणून जो मान होता तो या माणसांना मिळाला नाही, आणि पडझड ही 'सामग्री' न राहता 'कचरा' झाली तेव्हा ती हाताळणाऱ्याची प्रतिष्ठाही तिच्यासोबत उतरली. वस्तूचे नाव बदलले की ती उचलणाऱ्या माणसाचे मोल बदलते, हे या बदलातले सर्वांत वेदनादायक अंग आहे.

खाजगी अंगणाच्या पलीकडे, शहराचे सर्वांत मोठे अंगण म्हणावे अशी जागा हुगळीच्या पश्चिम काठावर शिबपूर येथे होती. १७८७ मध्ये रॉबर्ट किड याने स्थापन केलेल्या वनस्पती उद्यानात १८६४ च्या वादळाने नदीचे पाणी शिरले आणि जवळपास निम्मी झाडे उन्मळून पडली. त्यातून बाग सावरते न सावरते तोच नोव्हेंबर १८६७ च्या वादळाने उरलेल्यांपैकीही शेकडो झाडे पाडली. याच दुसऱ्या वादळाने मातला नदीवरचे कॅनिंग बंदरही उद्ध्वस्त केले, जे बांधू नये असा इशारा पिडिंग्टनने १८५३ मध्येच दिला होता. १८७१ मध्ये उद्यानाची सूत्रे जॉर्ज किंग याच्याकडे आली तेव्हा त्याच्यापुढे मोकळे, सखल, झाडांविना उजाड झालेले मैदान होते. त्याने तळी खोदली, त्यांतून निघालेल्या मातीने जमीन उंच केली, तळ्यांना एकमेकांशी जोडले, नवे रस्ते आखले आणि लागवड पुन्हा नव्याने केली. आज ज्या रूपात हे उद्यान दिसते ते बव्हंशी किंगच्या आखणीचे आहे. तळे खोदायचे आणि त्याच मातीवर घर व बाग उभारायची, ही तर बंगाली घराची जुनी रीत. किंगने केले ते त्याच रीतीचे विस्तारित रूप होते, हे त्याच्या चरित्रकारांनी ठळकपणे सांगायला हवे.

विसाव्या शतकात शहर दक्षिणेकडे पसरले. १९१२ मध्ये काम सुरू केलेल्या कलकत्ता सुधार न्यासाने रुंद रस्ते आखले, ढाकुरियाची तळी खोदली, ज्यांना आता रवींद्र सरोवर म्हणतात, आणि रस्त्यांच्या कडेने सावलीची झाडे लागली. त्यांत 'कृष्णचूडा', म्हणजे आपला गुलमोहर, आणि 'राधाचूडा', म्हणजे पिवळ्या फुलांचा सोनमोहर, ही लवकर वाढणारी, डौलदार, पण उथळ मुळांची आणि ठिसूळ फांद्यांची झाडे फार होती. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. कोलकात्याची जमीन गंगेच्या गाळाची, मऊ, आणि भूजल अगदी वर, त्यामुळे मुळांना खोल जाण्याचे कारणच पडत नाही. त्यात पदपथाच्या फरश्यांनी आणि जमिनीखालच्या नळ-तारांनी ती चहूबाजूंनी आखडली. शतकाच्या अखेरच्या दशकांत 'प्रोमोटर', म्हणजे जुने घर पाडून सदनिका बांधणारे विकासक, यांच्या हाती एकेक घर जात गेले आणि उठोन, परसातले तळे व बांबूचे बेट ही तिन्ही एकदम नाहीशी झाली. झाड आता घराचे राहिले नाही, रस्त्याचे झाले. आणि २००६ च्या राज्य कायद्याने बिगर वनक्षेत्रातील झाड तोडण्यास परवानगी आवश्यक केल्यामुळे त्याचे संरक्षण झाले खरे, पण त्याबरोबर झाडाशी असलेला घरचा संबंध अर्ज आणि शिक्का यांच्यापुरता उरला.

२० मे २०२० च्या संध्याकाळी आलेल्या 'अम्फान' चक्रीवादळाने हा सारा बदल एका रात्रीत उघडा केला. दमदम येथे वाऱ्याचा वेग ताशी १३३ किलोमीटरपर्यंत नोंदला गेला आणि शहरात चोवीस तासांत सुमारे २४० मिलिमीटर पाऊस पडला. पडलेल्या झाडांचा महापालिकेचा पहिला अंदाज पाच हजारांचा होता, पुढे तो पंधरा हजारांच्या वर गेला. प्रत्येक झाडासोबत विजेच्या तारा, केबलची भेंडोळी, खांब आणि भिंती आल्या होत्या, म्हणून नुसती कुऱ्हाड घेऊन कोणी पुढे जाऊ शकत नव्हते. कोणत्या तारेत वीज आहे हे कळेपर्यंत फांदीला हात लावणे म्हणजे जिवाशी खेळ होता. टाळेबंदीमुळे मजूर गावी गेलेले, यांत्रिक करवती मोजक्या, आणि त्या चालवणारे त्याहून मोजके. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लष्कराच्या तुकड्या झाडे कापायला रस्त्यांवर उतरल्या. ओडिशातून आपत्ती दलाची पथके आली. वीज आणि पाणी नसल्याने लोक रस्त्यावर उतरले, आणि दारात आडव्या पडलेल्या गुलमोहराकडे पाहत कित्येक घरे दिवसेंदिवस थांबून राहिली.

या थांबण्याला केवळ प्रशासनाची दिरंगाई म्हणणे अपुरे आहे. १८६४ मध्ये शहराकडे यंत्रे नव्हती, पण प्रत्येक गल्लीत करवतीची जोडी, घरामी, माळी आणि झावळी सोलणारी बाई होती, आणि पडलेल्या प्रत्येक वस्तूला घरात ठरलेली जागा होती. २०२० मध्ये कापलेल्या फांद्या कोपऱ्यावरच्या 'भॅट'वर, म्हणजे कोलकात्याच्या बोलीतील कचराकुंडीवर, रचल्या गेल्या आणि तिथून गाड्यांनी हलवल्या गेल्या. गॅसच्या शेगडीला सरपण लागत नाही आणि सदनिकेला कुंपण नसते. अम्फाननंतर दोनच आठवड्यांनी, ३ जून २०२० रोजी, 'निसर्ग' चक्रीवादळाने रायगडमधील श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या, तेव्हा तेथेही हाच प्रश्न उभा राहिला. वाडी साफ झाल्याशिवाय नवे रोप लागत नाही, पण पिढ्यांच्या पोफळी तोडून बाहेर काढायला घरात तरुण माणसे नाहीत, ती मुंबईत. आणि पडलेल्या सोटांना गिऱ्हाईक नाही. कोकणात अंगण शिल्लक होते, हात कमी पडले. कोलकात्यात तर दोन्ही आधीच गेलेले होते.

कोलकात्यात त्या उन्हाळ्यात एक जुने कसब मात्र नव्या रूपात परतले. रवींद्र सरोवराच्या काठी आणि अन्यत्र उन्मळलेल्या झाडांपैकी जगण्याजोगी झाडे निवडून, फांद्या छाटून, क्रेनने उभी करून आणि टेकू देऊन पुन्हा रोवली गेली. मुळांचा गड्डा सुकण्याआधी हे व्हावे लागते, म्हणून कोणते झाड लाकूड म्हणून जाईल आणि कोणते झाड म्हणून राहील हा निवाडा घाईने करावा लागे. घरामी ढिगाऱ्यातून सरळ बांबू निवडी, तसाच हा निवाडा होता.

शिबपूरच्या उद्यानातील प्रसिद्ध महावटाची कहाणी या इतिहासाशी आरंभापासून जोडलेली आहे. १८६४ आणि १८६७ च्या वादळांनी त्याचे खोड दुखावले, जखमांतून बुरशी शिरली, आणि अखेर १९२५ मध्ये सुमारे ५० फूट घेराचे ते मूळ खोड कापून काढण्यात आले. त्यानंतरही वड वाढतच राहिला, कारण तोपर्यंत त्याच्या पारंब्यांनी जमीन धरली होती, आणि आज हजारो पारंब्यांवर उभे असलेले ते झाड म्हणजे मध्यावर खोड नसलेले एक रानच आहे. अम्फानमध्ये त्याच्याही बऱ्याच पारंब्या मोडल्या. वरून लोंबणाऱ्या कोवळ्या पारंब्या जमिनीपर्यंत सुखरूप पोहोचाव्यात म्हणून उद्यानातील माळी पोकळ बांबूत माती भरून तो बांबू पारंबीखाली उभा करतात. पारंबी त्यातून खाली उतरते, जमिनीत शिरते, जाड होते, आणि मग बांबू फोडून काढून घेतात.